पिकअप चार इंच उंच होते तेव्हा नेमकं काय हलतं

अमेरिकेच्या सेकंड-हँड बाजारात फोर्ड रेंजर किंवा शेवरोले एस-१० यांसारख्या जुन्या, लहान पिकअप गाड्या दिसतात. त्यातल्या बऱ्याच टू-व्हील ड्राइव्ह, म्हणजे इंजिनाची ताकद फक्त मागच्या चाकांना मिळणाऱ्या. कच्च्या रस्त्यावर गाडीचं पोट घासायला लागलं की मालकाला ती उंच करावीशी वाटते. तिकडे याला ‘लिफ्ट’ म्हणतात, आणि चर्चा सुरू होते ती ‘किती इंच’ यावरून. माझ्या मते इंचांचा प्रश्न नंतरचा. आधी गाडीखाली वाकून बघावं, पुढचं चाक चेसिसला कसं जोडलंय ते.

१९८३ ते १९९७ या मॉडेलांच्या टू-व्हील ड्राइव्ह रेंजरला पुढे ‘ट्विन आय-बीम’ असायचे. फोर्डने ही रचना १९६५मध्ये मोठ्या एफ-१०० पिकअपवर आणली होती. पुढच्या दोन चाकांना दोन स्वतंत्र लोखंडी बीम. डाव्या चाकाचा बीम चेसिसच्या उजव्या बाजूला बिजागरीसारखा टांगलेला, उजव्याचा डाव्या बाजूला. रचना साधी, दणकट. पण चाक बीमच्या टोकाला पक्कं असल्यामुळे बीम जितके अंश कलतो, तितकेच अंश चाकही कलतं.

आता इथे नुसती उंच कॉइल स्प्रिंग बसवली तर काय होईल? चेसिस वर जाते, तिच्यासोबत बिजागरीही वर जाते, चाक मात्र जमिनीवरच राहतं. बीम बाहेरच्या बाजूला उतरता होतो आणि चाकाचा माथा बाहेर झुकतो. बिजागरीपासून चाकापर्यंतचं अंतर एक मीटर धरलं आणि गाडी १० सेंटिमीटर उचलली, तर हा कल जवळजवळ पावणेसहा अंशांचा होतो. अलाइनमेंट करताना आपण अर्ध्या-एक अंशासाठी झगडतो, म्हणजे हे किती झालं ते लक्षात येईल. टायर बाहेरच्या कडेवर चालतात आणि ती कड बघता बघता झिजते.

शिवाय प्रत्येक बीमला मागून धरून ठेवणारा एक लांब दांडा असतो, रेडियस आर्म. त्याचं मागचं टोक चेसिससोबत उचललं गेलं की चाक ज्या अक्षाभोवती वळतं, तो अक्ष वरून पुढे झुकतो. सायकलचा पुढचा चिमटा तिरका असतो म्हणून हँडल आपोआप सरळ यायला बघतं. गाडीतही तसाच तिरकेपणा असतो आणि तो इथे कमी होतो. मग हायवेवर स्टिअरिंग सैल, भरकटल्यासारखं लागतं.

म्हणून या गाडीला योग्य उपाय म्हणजे ‘ड्रॉप ब्रॅकेट’. चेसिस जितकी वर गेली तितक्याच बिजागऱ्या नव्या ब्रॅकेटने खाली आणायच्या, रेडियस आर्मचं टोकही खाली घ्यायचं, आणि टाय रॉडचा (चाक वळवणाऱ्या दांड्याचा) कोन जुळवण्यासाठी पिटमन आर्मही (स्टिअरिंग बॉक्सपासून त्या दांड्यांना हलवणारा आर्म) खाली उतरणारा बसवायचा. काम जास्त, खर्च जास्त. पण सगळे कोन कारखान्यातून आले होते तिथे परत येतात. तीन-चार इंचांसाठी यातली काटकसर मला पटत नाही.

एस-१०ची गोष्ट वेगळी. तिथे चाकाला वर एक आणि खाली एक असे दोन आर्म धरून ठेवतात. कॉइलवर जाड चकती ठेवून गाडी उचलली तर दोन्ही आर्म खाली ताणले जातात, आर्म आणि चाक जोडणारे बॉल जॉइंट आपल्या मर्यादेजवळ पोचतात, आणि खड्डा आला की चाकाला आणखी खाली जायला जागाच उरत नाही. इथे एक फार सुंदर उपाय आहे: लिफ्ट स्पिंडल. चाक ज्या दांडीवर फिरतं ती या स्पिंडलमध्ये नेहमीपेक्षा दोन-तीन इंच खाली असते. आर्म, स्प्रिंग, शॉक ॲब्सॉर्बर, सगळं जागच्या जागी; गाडी मात्र वर. फोर-व्हील ड्राइव्हला हे इतकं सोपं नाही. तिथे चाकाच्या मध्यातून ताकद आणणारा शाफ्ट येतो. मध्य खाली सरकवला तर शाफ्टचा कोन बिघडतो. ज्या शाफ्टच्या अभावाबद्दल टू-व्हीलवाले हळहळतात, त्याच अभावामुळे हा मार्ग त्यांना मोकळा आहे.

मागे बहुतेक पिकअपना पाटे, म्हणजे पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगा असतात. पाटे आणि ॲक्सल यांच्यामध्ये ठोकळा घालणं सर्वांत स्वस्त. मात्र ठोकळा जितका उंच, तितकी पाट्यांना पिळण्याची ॲक्सलची ताकद वाढते, आणि जोरात ॲक्सिलरेटर दिला की पाटे वळतात. ठोकळ्यावर ठोकळा तर कधीच नको. जास्तीचा एक पाटा घातला तर उंची मिळते, पण रिकामी गाडी उडते. पूर्ण नवा, जास्त कमानीचा संच घेणं मला सगळ्यात बरं वाटतं. काहीही केलं तरी गिअरबॉक्सकडून मागच्या ॲक्सलला ताकद नेणाऱ्या प्रोपेलर शाफ्टचे कोन तपासायलाच हवेत. त्याच्या टोकाचा क्रॉसचा जॉइंट १० अंशांवर फिरला तर त्यापलीकडचा वेग दर फेऱ्यात दोनदा दीड टक्का वर-खाली होतो. दोन्ही टोकांचे कोन सारखे असले तर एकाची चूक दुसरा पुसतो; नसले तर गाडी थरथरते.

आणि हे सगळं करून मागचा डिफरन्शियल, म्हणजे दोन चाकांत ताकद वाटणारा गिअरचा गोळा, जमिनीपासून किती उचलला जातो? शून्य. तो ॲक्सलवरच असतो, आणि ॲक्सल चाकावर. पुष्कळदा दगडाला आधी लागतो तोच. त्याला उंच करतो फक्त मोठा टायर: २८ इंचांऐवजी ३१ इंचांचा घातला तर दीड इंच. तो बसायला जागा व्हावी, हेच बऱ्याचदा लिफ्टचं खरं काम. मोबदल्यात स्पीडोमीटर ताशी ९० दाखवतो तेव्हा गाडी जवळपास १०० वर असते, आणि चढावर इंजिनला गिअर जड जातो. पकडही लिफ्टने वाढत नाही. चिखलात एकच चाक गरगरत असेल तर दुसऱ्या चाकालाही ताकद पोचवणाऱ्या लिमिटेड स्लिप डिफरन्शियलवर खर्च केलेला बरा.

मला खरी काळजी वाटते ती उलटण्याची. अमेरिकेची महामार्ग सुरक्षा संस्था २००१च्या मॉडेलांपासून गाड्यांना उलटण्याच्या धोक्यानुसार तारे देते. त्यामागचं गणित सोपं आहे: दोन चाकांमधल्या अंतराचा अर्धा भाग भागिले गुरुत्वमध्याची उंची. समजा चाकांमधलं अंतर १४० सेंटिमीटर आणि गुरुत्वमध्य ६५ वर, उत्तर १.०८. चार इंचांच्या लिफ्टने गुरुत्वमध्य आठ सेंटिमीटर चढला तर ०.९६. मोठ्या टायरचे चार सेंटिमीटर धरले तर ०.९१. सेडान गाड्यांचा हा आकडा साधारण १.३च्या पुढे असतो. अचानक आडवं आलेलं जनावर चुकवताना हा फरक जीवावर बेतू शकतो. दोन-अडीच इंचांवर थांबावं, असं मी म्हणतो ते यासाठी.

हे वाचून इथल्या आपल्या पिकअपवर हात फिरवावासा वाटला, तर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आधी वाचा. नोंदणी पुस्तकातला तपशील कंपनीच्या मूळ घडणीपेक्षा वेगळा होईल असा बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९मध्ये हे पुन्हा स्पष्ट केलं आहे.