युनियनची नोंदणी आणि मान्यता: मुंबईतल्या कामगारांसाठी अर्ज, पात्रता, कागदपत्रं

मरोळच्या एका कारखान्यात आम्ही अकरा जणांनी युनियन काढायचं ठरवलं, ते गेटसमोरच्या चहाच्या टपरीवर. सगळ्यांचा समज एकच होता, सर्टिफिकेट हातात आलं की मालकाला बोलावंच लागणार. सर्टिफिकेट आलं. एचआरच्या साहेबांनी ते उलटसुलट पाहिलं, झेरॉक्स ठेवून घेतली आणि म्हणाले, "अभिनंदन! पण तुमच्याशी बोलायचं कशाला?"

साहेब कुचकट होते, पण कायद्याने चुकत नव्हते. नोंदणी वेगळी, मान्यता वेगळी. नोंदणीमुळे युनियनला कायदेशीर अस्तित्व मिळतं. पगारवाढीच्या करारावर सही करायचा हक्क मिळतो तो मान्यतेमुळे. गिरणगावात ज्यांचं घर होतं त्यांना हा फरक समजावून सांगावा लागत नाही. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला तेव्हा कामगार पुढारी दत्ता सामंतांच्या मागे होते, आणि १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याखालची प्रातिनिधिक, म्हणजे मालकांशी बोलायचा हक्क असलेली, संघटना मात्र राष्ट्रीय मिल मजदूर संघच होती. तो कायदा रद्द करा, हीही संपाची एक मागणी होती.

आधी नोंदणी. २१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता, २०२० (केंद्राचा नवा कामगार कायदा) लागू झाली आणि १९२६ चा ट्रेड युनियन कायदा इतिहासजमा झाला. जुन्या युनियनची नोंदणी चालू धरली जाते, पण घटना (म्हणजे युनियनचे लेखी नियम) नव्या तरतुदींप्रमाणे सुधारल्याचं निवेदन निबंधकाकडे द्यावं लागतं. नव्या युनियनसाठी किमान सात सभासदांनी घटनेवर सह्या करून अर्ज करायचा. मात्र नुसते सात पुरत नाहीत. अर्जाच्या दिवशी त्या आस्थापनेतले किंवा उद्योगातले दहा टक्के किंवा शंभर कामगार, यांतला जो आकडा कमी असेल तितके सभासद हवेत. चारशे कामगारांच्या कारखान्यात चाळीस. हा आकडा नंतरही टिकवावा लागतो. सर्टिफिकेट मिळालं म्हणून वर्गणी बंद केली तर नोंदणीच धोक्यात येते.

मुंबईत यासाठी वांद्रे-कुर्ला संकुलातलं कामगार भवन गाठायचं. अर्जासोबत प्रतिज्ञापत्र, घटनेची प्रत, ती घटना सभासदांनी मंजूर केल्याचा ठराव आणि अर्जदारांना अर्ज करण्याचा अधिकार दिल्याचा दुसरा ठराव लागतो. हे दोन ठराव वेगवेगळे आहेत. आम्ही एकाच कागदावर उरकायला गेलो आणि परत आलो. युनियन वर्षभरापासून चालू असेल तर जमा-मालमत्ता आणि देण्यांचं विवरणही जोडायचं. पदाधिकाऱ्यांची नावं, वय, पत्ते आणि व्यवसाय आधार कार्डाशी ताडून घ्या. नाव आधीच्या एखाद्या युनियनसारखं असेल तर बदलायला सांगतात, म्हणून "मुंबई कामगार संघटना" असलं सरधोपट नाव नको.

घटना कुणाची तरी मागून आणून नाव बदलून देणारे बरेच असतात. निदान एकदा वाचा तरी. उद्देश, निधी कशावर खर्च होणार, सभासद यादी कुठे पाहायला मिळेल, वर्गणी किती, वार्षिक सर्वसाधारण सभा, पदाधिकाऱ्यांची निवडणूक, हिशेब तपासणी आणि विसर्जन हे सगळं त्यात हवं. बाहेरचे पुढारी घेता येतात, पण एकूण पदाधिकाऱ्यांच्या एक तृतीयांश किंवा पाच, यांत जे कमी असेल तितकेच. असंघटित क्षेत्रातल्या युनियनला निम्म्यापर्यंत मुभा आहे.

आता मान्यता, म्हणजे खरी डोकेदुखी. संहितेप्रमाणे एकाच कारखान्यात अनेक युनियन असतील तर हजेरीपटावरच्या ५१ टक्के कामगारांचा पाठिंबा असलेलीला मालकाने एकमेव वाटाघाटी युनियन मानायचं. तेवढा कुणालाच नसेल, तर किमान २० टक्के पाठिंबा असलेल्या युनियनच्या प्रतिनिधींची वाटाघाटी परिषद बसते, दर २० टक्क्यांमागे एक प्रतिनिधी. युनियनच्या मान्यतेसाठी महाराष्ट्राचा स्वतःचा १९७१ चा कायदाही आहे. पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणी, अर्जाच्या महिन्याआधीचे सलग सहा महिने किमान ३० टक्के सभासद असलेली युनियन त्याखाली औद्योगिक न्यायालयात अर्ज करते. संहितेने रद्द केलेल्या कायद्यांच्या यादीत तो नाही. पण समवर्ती विषयात, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांनाही कायदे करता येतात तिथे, केंद्राचा नंतरचा कायदा राज्याच्या कायद्याशी विसंगत असला, तर केंद्राचा वरचढ ठरतो. म्हणून माझं मत सरळ आहे: तयारी ५१ टक्क्यांची करा आणि पुरावा सलग सहा महिन्यांचा ठेवा. मग कुठल्याही दारात गेलात तरी कागद अपुरा पडत नाही.

पुरावा म्हणजे पावती पुस्तक. आमचा खजिनदार सभासदांना गटागटाने गाठायचा, दुसरी पाळी सुटताना. पावतीवर क्रमांक, तारीख, महिना, कामगाराचा तिकीट नंबर आणि सही. खालच्या कार्बन प्रतीवरही सही. एका महिन्यात पुस्तक संपलं आणि त्याने पंधरा जणांची वर्गणी साध्या वहीत लिहून ठेवली, पावत्या पुढच्या महिन्यात फाडल्या. मान्यतेच्या अर्जाच्या सुनावणीत समोरच्या वकिलांनी नेमकी तीच पंधरा नावं वेगळी काढली. उलटतपासणीत "वर्गणी भरली कधी?" या प्रश्नावर दोघांनी दोन तारखा सांगितल्या. बिचारे खरंच बोलत होते, पण पावतीवर वेगळी तारीख होती. तेव्हा पुस्तकं आधीच दोन छापून ठेवा आणि दर महिन्याची सभासद यादी त्याच महिन्यात सह्यांसकट बंद करा. १९७१ च्या कायद्यात मान्यताप्राप्त युनियनने मासिक वर्गणी किमान ५० पैसे ठेवायची आहे, आणि कार्यकारिणीची सभा तीन महिन्यांच्या आत भरवून ठराव इतिवृत्तात लिहायचे आहेत. रक्कम हसण्यासारखी आहे, इतिवृत्ताच्या वहीचं मात्र तसं नाही.

मान्यता मिळाल्यावर मागणीपत्र द्यायचं, त्यावर पोचेची सही-शिक्का घ्यायचा आणि बोलणी सुरू करायची. बोलणी फिसकटली तरी उद्यापासून काम बंद असं जाहीर करता येत नाही. संहितेत संपाआधी १४ दिवसांची नोटीस सक्तीची आहे. निम्म्या किंवा त्याहून जास्त कामगारांनी एकाच दिवशी ठरवून किरकोळ रजा टाकली तर तोही संपच धरला जातो. जुने पुढारी अजून ही युक्ती सुचवतात, त्यांना हे कलम दाखवा.