श्वान आज्ञापालन स्पर्धा

हस्तकाने सांगितलेली ठरावीक कामे कुत्र्याने किती अचूकपणे आणि किती मनापासून केली, यावर गुण देणारा श्वानक्रीडेचा प्रकार. जगभर तो ‘ऑबीडियन्स’ या नावाने ओळखला जातो. हस्तक म्हणजे कुत्र्यासोबत रिंगणात उतरणारी व्यक्ती. आपल्याकडे पोलिसांच्या श्वानपथकात हा शब्द रुळलेला आहे.

घरातला कुत्रा ‘बस’ म्हटल्यावर बसला की आपण खूश होतो. रिंगणात तेवढ्याने भागत नाही. तिथे कुत्र्याने हस्तकाच्या डाव्या पायाशी, त्याच्याच दिशेला तोंड करून, सरळ बसायचे असते. मागचा भाग जरासा बाहेर गेला तरी गुण कापला जातो. तरीही ‘आज्ञापालन’ हे नाव थोडे फसवे आहे. धाकाने शेपूट पायांत घालून चालणारा कुत्रा एकही आज्ञा मोडणार नाही, पण त्याला चांगले गुणही मिळणार नाहीत. कुत्रा कामात रमलेला दिसला पाहिजे, ही अपेक्षा नियमांतच लिहिलेली आहे.

या खेळाची मुळे पोलिसी आणि लष्करी श्वानप्रशिक्षणात आहेत. पोलीस कुत्र्यांच्या प्रशिक्षणाची शिस्तबद्ध पद्धत जर्मनीत कोनराड मोस्ट यांनी १९१०च्या सुमारास मांडली. पुढे ब्रिटनमध्ये मेंढपाळी, पोलिसी आणि लष्करी कुत्र्यांच्या चाचण्या होऊ लागल्या. अशा चाचण्यांवरून हेलीन व्हाइटहाउस वॉकर या अमेरिकन बाईंना कल्पना सुचली. न्यूयॉर्क राज्यात त्या स्टँडर्ड पूडल पाळत आणि त्यांची पैदास करत. पूडल म्हणजे केस कातरून मिरवायचे नाजूक खेळणे, असे लोक म्हणत आणि ते त्यांना लागे. आपल्या कुत्र्यांना नुसते रूप नाही, अक्कलही आहे, हे दाखवायचे त्यांनी मनावर घेतले. ऑक्टोबर १९३३मध्ये माउंट किस्को येथे वडिलांच्या जागेत त्यांनी पहिली चाचणी भरवली. तिच्यात आठ कुत्रे उतरले होते.

पुढच्याच वर्षी ब्लँच साँडर्स ही तरुणी वॉकरबाईंच्या श्वानगृहात कामाला आली आणि या दोघींनी खेळाला आकार दिला. १९३६मध्ये अमेरिकन केनेल क्लब या तिथल्या श्वानसंघटनेने अधिकृत नियम स्वीकारले. १९३७मध्ये दोघींनी मोटारीला २१ फुटी ट्रेलर जोडला, तीन पूडल सोबत घेतले आणि ठिकठिकाणच्या प्रदर्शनांत प्रात्यक्षिके देत दहा हजार मैलांवर प्रवास केला. दोन बायकांनी स्वतः गाडी हाकत असा मुलूख पालथा घालणे त्या काळी सोपे नव्हते. हा खेळ नियमपुस्तकापेक्षा या फेरीमुळे लोकांपर्यंत पोहोचला, असे म्हणायला हरकत नाही.

अमेरिकन पद्धतीत तीन मुख्य पायऱ्या आहेत : नॉव्हिस, ओपन आणि युटिलिटी. प्रत्येक पायरीला एकूण २०० गुण. परीक्षक गुण देत नाही, कापतो. जोडी आत येते तेव्हा पूर्ण २०० तिच्या खात्यावर असतात आणि प्रत्येक चुकीला अर्ध्या गुणापासून वजाबाकी होत जाते. पात्र ठरायला किमान १७० गुण हवेत, शिवाय प्रत्येक कामात निम्म्याहून अधिक. असे तीनदा साधले की पदवी मिळते. नॉव्हिसमध्ये पट्ट्यासह आणि पट्ट्याविना पायाशी चालणे, परक्या माणसाने अंगाला हात लावला तरी स्थिर उभे राहणे, हाक मारताच येऊन समोर बसणे अशी कामे असतात. ओपनमध्ये डंबेल (तोंडात धरायची दांडी) आणणे, अडथळ्यावरून उडी मारणे, धावत येताना मध्येच आज्ञेसरशी जमिनीवर आडवे होणे. युटिलिटीत एक काम संपूर्ण मुक्याने चालते : हस्तक दुरून फक्त हाताच्या खुणा करतो आणि कुत्रा उभा राहतो, आडवा होतो, बसतो, जवळ येतो.

पायाशी चालणे बघणाऱ्याला सगळ्यांत सोपे वाटते आणि जाणकार सगळ्यांत आधी तेच बघतात. त्यातला इंग्रजी आठाच्या आकड्याचा भाग घ्या. दोन साहाय्यक आठ फुटांच्या अंतरावर उभे असतात आणि जोडीने त्यांच्याभोवती वळसे घ्यायचे असतात. माणसाने वेग बदलायचा नाही. म्हणजे कुत्रा आतल्या बाजूला आला की त्याने पावले आखडायची आणि बाहेरच्या बाजूला गेला की लांब टाकायची, तीही हस्तकाच्या गुडघ्यापासून न सुटता. कुत्रा यासाठी माणसाचे खांदे वाचतो. हस्तकाने मागे वळून ‘येतोय ना हा?’ असे बघितले की खांदा मागे जातो आणि कुत्राही मागे पडतो. मग दोष कुत्र्याच्या नावावर लागतो, पण चूक असते माणसाची. म्हणून चांगले हस्तक कुत्र्याला घरी ठेवून नुसते स्वतः चालण्याचा सराव करतात. फरशीच्या रेघेवर, नजर समोर, हात ठरलेल्या जागी.

युटिलिटीतील वास ओळखण्याचे काम मात्र या खेळाचा आत्मा आहे. हस्तकाकडे धातूच्या आणि चामड्याच्या एकसारख्या वस्तूंचे संच असतात. त्यांतल्या आठ वस्तू साहाय्यक हाताळून जमिनीवर मांडतो. हस्तक आणि कुत्रा तिकडे पाठ करून उभे राहतात. राहिलेली एक वस्तू हस्तक तळहातांत घोळवतो, तिला आपला वास लावतो. परीक्षक तिला हात न लावता चिमट्याने किंवा पाटीवरून नेऊन बाकीच्यांत ठेवतो. मग दोघे वळतात आणि कुत्रा सुमारे २० फुटांवरच्या त्या ढिगाकडे जातो.

इथून पुढे माणसाला काहीच करता येत नाही. कुत्रा नाक खाली घालून एकेक वस्तू हुंगत जातो. कधी योग्य वस्तूवरून पुढे निघून जातो, दोन पावलांवर थबकतो, परत येतो, पुन्हा हुंगतो. वेळेची घाई नसते, काम चालू असले म्हणजे झाले. हस्तकाला उत्तर माहीत असते, तरी ओठ, भुवया, हात सगळे गप्प ठेवावे लागते. आणि त्याला उत्तर ‘माहीत’ असते तेही केवळ डोळ्यांनी. वासाची खरी माहिती एकट्या कुत्र्याकडे आहे. आज्ञा देणाऱ्याने इथे कुत्र्याच्या शब्दावर विसंबायचे असते. हेच काम दुसऱ्या प्रकारच्या वस्तूंनी पुन्हा करून दाखवावे लागते. ब्रिटनमध्ये वरच्या ‘सी’ वर्गात वस्तूंऐवजी कापडाचे तुकडे असतात आणि शोधायचा वास परीक्षकाचा, म्हणजे अनोळखी माणसाचा असतो.

ब्रिटिश पद्धतीत क्रफ्ट्स या प्रदर्शनातील अजिंक्यपदाला मोठा मान आहे. तिथे आज्ञापालन १९५५पासून आहे. युरोपात आणि इतर अनेक देशांत एफसीआय या आंतरराष्ट्रीय संघटनेचे नियम चालतात. त्यांच्या सर्वोच्च वर्गात एकूण ३२० गुण असतात आणि २५६ मिळाले की ‘उत्कृष्ट’ शेरा मिळतो. त्यातले कुत्र्याला दूरच्या आखलेल्या चौकोनात पाठवून तिथे थांबवण्याचे काम प्रेक्षकांच्या खास आवडीचे. जर्मन आयजीपी या प्रकारात माग काढणे आणि संरक्षण यांच्या जोडीला आज्ञापालन हा तिसरा भाग असतो, प्रत्येकी १०० गुणांचा.

वादाचा मोठा विषय ठरला तो ‘थांबून राहण्याचा’. अमेरिकेत ओपन वर्गात सगळे कुत्रे पट्ट्याविना एका रांगेत बसवून हस्तक नजरेआड जात. बसून ३ मिनिटे, आडवे ५ मिनिटे. जुन्या मंडळींना ही विश्वासाची खरी परीक्षा वाटे. पण रांगेतला एखादा कुत्रा उठून शेजाऱ्यावर धावून गेला तर त्या बिचाऱ्याने जागा सोडायची की चावा सहन करायचा? जागेवर राहायला शिकवलेल्या कुत्र्यालाच त्याची किंमत मोजावी लागे. अखेर २०१८मध्ये नियम बदलले. नजरेआडचे सामूहिक काम गेले आणि नॉव्हिसमधले सामूहिक थांबणे पट्ट्यासह होऊ लागले. परंपरा मोडल्याची हळहळ समजण्यासारखी आहे, पण बदल योग्यच होता.

प्रशिक्षणातही असाच पालट झाला. विल्यम कोलर या अमेरिकन श्वानप्रशिक्षकाच्या प्रभावाने १९६०च्या दशकात गळ्यातली साखळी आणि तिचा झटका ही मुख्य साधने होती. नंतर कॅरन प्रायर यांच्यासारख्या, डॉल्फिन शिकवणाऱ्या मंडळींकडून क्लिकर आला : हवी ती कृती झाली की टिक् असा आवाज, आणि लगेच खाऊ. यातून उड्या मारत, वर बघत चालणारे कुत्रे रिंगणात दिसू लागले. अडचण एकच, रिंगणात खाऊ नेता येत नाही. कुत्र्याला हे लवकर कळते आणि घरी उत्तम काम करणारा कुत्रा स्पर्धेत ढिला पडतो. त्यावर उपाय म्हणून प्रशिक्षक खाऊ सरावातच दूर, नजरेबाहेर ठेवतात. काम आधी, मग दोघांनी मिळून पळत जाऊन खाऊ गाठायचा. बक्षीस कधी मिळेल हे कुत्र्याला नेमके ठाऊक नसते, पण मिळणार याची खात्री असते. ती खात्री रुजायला महिने लागतात.

बॉर्डर कोली, गोल्डन रिट्रीव्हर, जर्मन शेफर्ड, शेटलँड शीपडॉग या जाती इथे पुढे असतात. अमेरिकेत १९७७मध्ये सुरू झालेली ‘ऑबीडियन्स ट्रायल चॅम्पियन’ ही पदवी सर्वप्रथम मिळवली ती मोरलँड्स गोल्डन टोंका या गोल्डन रिट्रीव्हर कुत्रीने. माणसाकडे बघत काम करण्यासाठी या जाती पिढ्यान्‌पिढ्या निवडल्या गेल्या. आपल्याकडचा कारवान किंवा मुधोळ हाउंड याच्या उलट आहे : दूरवर सावज दिसताच स्वतःच्या निर्णयाने सुसाट सुटणे हेच त्याचे काम. तो पायाशी चालताना क्षितिजाकडे बघत राहिला तर त्याला मंद म्हणणे अन्यायाचे आहे. संकरित कुत्र्यांना अमेरिकन केनेल क्लबच्या स्पर्धा २०१०मध्ये खुल्या झाल्या.

भारतात या कौशल्याचा पाया पोलीस, सीमा सुरक्षा दलाचे टेकनपूर येथील केंद्र आणि सैन्याचे मेरठ येथील रिमाउंट व्हेटरनरी कोअर यांच्याकडे आहे. तिथे आज्ञापालन ही माग काढण्याआधीची आणि स्फोटके हुंगण्याआधीची पहिली इयत्ता असते. हौशी लोकांसाठी केनेल क्लब ऑफ इंडियाशी संलग्न काही प्रदर्शनांत आज्ञापालनाच्या चाचण्या होतात, पण गर्दी रूपाच्या रिंगणाभोवतीच असते.

याच खेळातून पुढे दोन शाखा फुटल्या. संगीताच्या तालावर पायाशी चालणे ही एक. चार्ल्स क्रेमर यांनी बेतलेली रॅली ही दुसरी. तिच्यात वाटेवरच्या पाट्या वाचत पुढे जायचे असते आणि कुत्र्याशी बोलायलाही मुभा असते. अमेरिकेत तिच्या पदव्या २००५पासून दिल्या जातात. मूळ स्पर्धेत वयस्कर कुत्र्यांसाठी वेगळा वर्गही ठेवलेला आहे. वयाची आठ वर्षे उलटलेले कुत्रे त्यात उतरतात, कामे नॉव्हिसचीच असतात आणि उडी एकही नसते.