पोटातली चौदा इंजेक्शने आता इतिहासजमा
कुत्रा चावला की पोटात चौदा इंजेक्शने घ्यावी लागतात, ही समजूत आजही इतकी घट्ट आहे की तिच्या धास्तीने कित्येक जण जखमेवर हळद किंवा तिखट दाबून घरीच बसतात. ती मुळात खोटी नव्हती. मेंढीच्या मेंदूपासून बनवलेली रेबीजची जुनी सेंपल लस खरोखरच पोटाच्या कातडीखाली रोज टोचली जाई, परंतु भारतात तिचे उत्पादन २००४ च्या अखेरीस थांबले. आजची पेशीसंवर्धित (प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींवर बनवलेली) लस दंडात, लहान मुलांना मांडीत देतात: त्वचेत दिल्यास ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी, स्नायूत दिल्यास १४ व्या दिवशीही. मात्र जखमेतून रक्त आले असेल तर केवळ लस पुरत नाही, कारण तिच्यामुळे शरीरात प्रतिपिंडे तयार होण्यास आठवडाभर तरी जातो. तोवरच्या संरक्षणासाठी जखमेत आणि तिच्याभोवती इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार प्रतिपिंडे असलेले औषध, टोचावे लागते, आणि त्याविषयी रुग्णालयात आवर्जून विचारावे. त्याआधी साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटे जखम धुवावी. लक्षणे दिसू लागल्यावर रेबीजचा रुग्ण जवळजवळ कधीच वाचत नाही. म्हणून कुत्रा निरोगी राहतो का हे पाहण्यासाठी त्याच्यावर दहा दिवस लक्ष ठेवणे शक्य असले तरी पहिली मात्रा त्याच दिवशी घ्यावी.