सी-१० ला पुढचे डिस्क ब्रेक 'नुसते बोल्टने' बसत नाहीत

अमेरिकेतल्या जुन्या शेव्हरले सी-१० पिकअपबद्दल एक समज वर्षानुवर्षे फिरतोय: १९६७-७० च्या गाडीला १९७१ नंतरचे पुढचे डिस्क ब्रेक जसेच्या तसे बसतात. दिसायला चासी सारखी, म्हणून हे पटतं. पण ते खरं नाही.

१९७१ पासून पुढे ड्रमऐवजी डिस्क ब्रेक स्टँडर्ड झाले, तेव्हा स्पिंडल (चाक ज्यावर फिरतं तो भाग) बदलला आणि त्याला सस्पेन्शनच्या आर्मशी जोडणारा बॉल जॉइंटही. जुन्या जॉइंटचा निमुळता स्टड (दांडा) नव्या स्पिंडलच्या भोकात घालून हाताने हलवून बघा. खुळखुळला किंवा अर्ध्यावर अडला, तर तिथेच थांबा. नट आवळून तो 'बसवणं' म्हणजे धावत्या गाडीचं चाक निखळायला आमंत्रण! त्यापेक्षा आर्म, जॉइंट आणि स्पिंडल एकाच गाडीचा जुळता संच घ्यावा, असं माझं ठाम मत आहे.

चाकंही बदलतात: आधी सहा बोल्ट, नंतर पाच. त्यामुळे फक्त पुढचे ब्रेक बदलले तर एकच स्टेपनी मागे-पुढे चालत नाही.

आणि मास्टर सिलिंडर (पेडल दाबल्यावर ब्रेक ऑइल ढकलणारा भाग) विसरू नका. ड्रम ब्रेकच्या सिलिंडरमधला व्हॉल्व्ह लाइनमध्ये थोडा दाब धरून ठेवतो. त्याने डिस्कचे पॅड घासत राहतात, रोटर (म्हणजे डिस्क) तापतो.