विकिरणित कांदा किरणोत्सारी नसतो

पावसाळ्याच्या तोंडावर पुरुमेंतासाठी, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीसाठी, गोव्यातील म्हापशाच्या बाजारात कांदे घेताना, ‘किरणे दिलेला कांदा खाल्ला की किरणोत्सार अंगात भिनतो’ हा समज अजूनही ऐकू येतो. तो खरा नाही, आणि साठवलेल्या कांद्याला कोंब फुटू न देणाऱ्या एका उपयुक्त पद्धतीची लोकांनी विनाकारण धास्ती घ्यावी याचे वाईट वाटते.

विकिरण केंद्रात, म्हणजे मालाला किरणे देतात तिथे, कोबाल्ट-६० हा किरणोत्सारी स्रोत धातूच्या आवरणात बंद असतो. कांद्याला त्याचा स्पर्शही होत नाही, त्यातून निघणारे गॅमा किरण तेवढे मालातून आरपार जातात. या किरणांची ऊर्जा १.१७ आणि १.३३ दशलक्ष इलेक्ट्रॉन व्होल्ट असते. ती कोंबाच्या पेशींमधील डीएनएला इजा करून त्यांची वाढ थांबवण्यास पुरते, परंतु अन्नातील अणूंना किरणोत्सारी बनवण्यास मुळीच पुरत नाही. एक्स-रे काढलेला माणूस किरणोत्सारी होत नाही, तसेच हे आहे.

आंब्याच्या कोयीत दडलेला काळा भुंगा मानकुराद चिरणाऱ्या अनेकांनी पाहिला असेल. फळ न कापता त्याचा बंदोबस्त करण्यासाठी किमान ४०० ग्रे (ग्रे हे शोषलेल्या किरणांच्या मात्रेचे एकक) मात्रा देतात, आणि २००७ मध्ये भारतीय आंबा अमेरिकेत गेला तो लासलगावच्या केंद्रात असे विकिरण होऊनच.

मात्र कुजू लागलेला कांदा किरणांनी सुधारत नाही. जीवनसत्त्व ‘क’ काही प्रमाणात घटू शकते, पण ते साठवणुकीतही घटतेच. विकिरणित मालाच्या वेष्टनावर तसा उल्लेख आणि हिरवे चिन्ह छापणे भारतात बंधनकारक आहे.