विभवमापीपासून अ‍ॅनालॉग पिनपर्यंत

पोटेन्शिओमीटरचे (नॉब फिरवून रोध बदलता येणाऱ्या तीन टोकांच्या भागाचे) मधले टोक मायक्रोकंट्रोलरच्या (एकाच चिपवरील छोट्या संगणकाच्या) अ‍ॅनालॉग पिनला, म्हणजे सलग बदलणारा विभव वाचणाऱ्या पिनला, जोडून नॉब फिरवला, की पडद्यावर ० ते १०२३ या दरम्यानचे आकडे बदलत जातात. ज्या सुट्या भागाने स्वतः काहीच मोजले जात नाही, त्याच्या नावात ‘मीटर’ का, याचे उत्तर १८४१ सालात सापडते.

त्या वर्षी जर्मन भौतिकशास्त्रज्ञ योहान ख्रिस्टियान पोगेनडॉर्फ यांनी विभवांतर मोजण्याची संतुलन पद्धत मांडली. शालेय प्रयोगशाळेतील विभवमापी, म्हणजेच इंग्रजीत पोटेन्शिओमीटर, याच तत्त्वावर चालतो: लांब, एकसारख्या जाडीच्या तारेतून स्थिर प्रवाह सोडायचा आणि गॅल्व्हानोमीटरचा (सूक्ष्म प्रवाह दाखवणाऱ्या उपकरणाचा) काटा शून्यावर येईपर्यंत तारेवरचा संपर्क सरकवत न्यायचा. त्या क्षणी मोजायच्या घटातून प्रवाह मुळीच वाहत नसल्यामुळे त्याच्या अंतर्गत रोधाचा मापनावर परिणाम होत नाही, आणि हेच या पद्धतीचे खरे सौंदर्य आहे. पुढे तीन टोकांच्या बदलत्या रोधाला तेच नाव चिकटले आणि मापनाचा अर्थ मागे पडला.

नॉबची स्थिती संगणकाला कळवण्याचा मार्ग सुरुवातीला आडवळणाचा होता. १९७७ च्या अ‍ॅपल २ मध्ये खेळाच्या पॅडलमधील रोधातून कपॅसिटर भारित व्हायला किती वेळ लागतो, हे प्रोसेसर मोजत असे आणि त्यावरून ० ते २५५ मधील आकडा मिळे.

थेट विभवांतर मोजून त्याचा आकडा देणारे परिवर्तक (अ‍ॅनालॉग-टू-डिजिटल कन्व्हर्टर) तोपर्यंत अस्तित्वात होते, पण ते दीर्घकाळ अवजड आणि महाग राहिले. बर्नार्ड गॉर्डन यांचा १९५४ चा ११ बिटांचा परिवर्तक निर्वात नळ्यांवर चालत असे. १९७५ मध्ये बर्कली येथील जेम्स मॅक्रिअरी व पॉल ग्रे यांनी क्रमाने दुप्पट होत जाणाऱ्या कपॅसिटरांमध्ये विद्युतभाराची फेरवाटणी करून हे काम सिलिकॉनच्या एका तुकड्यावर करण्याची रीत दाखवली, आणि असा परिवर्तक मायक्रोकंट्रोलरच्याच चिपवर बसवणे सोयीचे झाले.

एटीमेगा३२८पी या मायक्रोकंट्रोलर चिपमधील १० बिटांचा परिवर्तक आलेल्या विभवाची तुलना आधी संदर्भ विभवाच्या (ज्याच्याशी तुलना करायची त्या ठरलेल्या विभवाच्या) निम्म्याशी करतो, मग उत्तरानुसार पाव भाग वाढवून किंवा घटवून, आणि दर वेळी हा भाग निम्मा करत, अशी दहा पावले टाकतो. माझ्या मते ही पोगेनडॉर्फ यांचीच पद्धत आहे. फक्त सरकत्या संपर्काची जागा स्विचांनी आणि गॅल्व्हानोमीटरची जागा कम्पॅरेटरने (दोन विभवांतील मोठा कोणता ते सांगणाऱ्या परिपथाने) घेतली आहे. शिवाय पोटेन्शिओमीटरची बाहेरची टोके संदर्भ विभवालाच जोडलेली असतील, तर पुरवठा ५ व्होल्टऐवजी ४.८ झाला तरी आकडा बदलत नाही, कारण मोजले जाते ते केवळ गुणोत्तर.

एक फरक मात्र राहतो. चिपमधील नमुना धरणारा छोटा कपॅसिटर दर वाचनाला पिनकडून थोडा विद्युतभार ओढून घेतो. म्हणूनच या चिपच्या माहितीपत्रकात स्रोताचा, म्हणजे पिनला विभव पुरवणाऱ्या परिपथाचा, रोध १० किलोओहम किंवा त्याहून कमी ठेवण्यास सांगितले आहे. १० किलोओहमचा पोटेन्शिओमीटर मध्यावरसुद्धा केवळ २.५ किलोओहमचा स्रोत ठरतो, तर १०० किलोओहमचा २५ किलोओहमपर्यंत जातो. तोच वापरायचा असेल, तर मधले टोक आणि ग्राउंड यांच्यामध्ये १०० नॅनोफॅरडचा कपॅसिटर लावावा.