कोडिंग सहायकाने काय लक्षात ठेवावं?

एआय कोडिंग सहायकाला काल तासभर समजावलेली गोष्ट आज नव्या सत्रात पहिल्यापासून सांगावी लागते. सहायकामागच्या भाषा-मॉडेलचं प्रशिक्षण संपलं की त्यातले अब्जावधी आकडे गोठतात; आपल्याशी झालेल्या बोलण्याने त्यातला एकही हलत नाही. त्या सत्रापुरतं जे काही 'लक्षात' असतं, ते कॉन्टेक्स्ट विंडोत, म्हणजे उत्तर देताना मॉडेलसमोर असलेल्या मजकुरात.

मग टिकाऊ स्मृती ठेवायची कुठे? बरेचदा चक्क टेक्स्ट फाइलमध्ये. क्लॉड कोड हे साधन सत्राच्या सुरुवातीला 'क्लॉड डॉट एमडी' ही फाइल वाचतं, इतर अनेक साधनं 'एजंट्स डॉट एमडी' वाचतात.

विंडोच मोठी केली तर? 2024 मध्ये गूगलच्या जेमिनाय 1.5 या मॉडेलने दहा लाख टोकनपर्यंत (टोकन म्हणजे शब्द किंवा शब्दाचा तुकडा) मजल मारली. पण लांब मजकुराच्या सुरुवातीची आणि शेवटची माहिती मॉडेल नीट वापरतात, मधली निसटते, हे 2023 च्या एका अभ्यासात दिसलं होतं. त्याच वर्षी बर्कलीच्या संशोधकांनी मेमजीपीटी ही पद्धत मांडली. ऑपरेटिंग सिस्टिम रॅम आणि डिस्क यांच्यात डेटा हलवते, त्या धर्तीवर विंडोत काय आणायचं आणि बाहेर काय ठेवायचं हे तिथे मॉडेलच ठरवतं.

माझ्या मते खरी कसोटी साठवण्यात नाही, निवडण्यात आहे. कोणतं फंक्शन कुठे आहे हे लिहून ठेवू नये. सहायक ते कोडमध्ये शोधू शकतो. कोडमध्ये सापडत नाही ते कारण. 'ही लायब्ररी (तयार कोडचा संच) जुन्याच आवृत्तीवर ठेवली आहे, कारण नव्या आवृत्तीत जुन्या ग्राहकांच्या फाइल्स उघडत नाहीत' हे एक वाक्य नसेल, तर सहायक मोठ्या उत्साहाने ती अपडेट करून टाकेल. कारणाबरोबर तारीखही हवी. ते ग्राहक गेले आणि नोंद तशीच राहिली, तर सहायक संपलेली अट निष्ठेने पाळत बसतो. शिळी नोंद ही नसलेल्या नोंदीपेक्षा घातक, कारण तिच्यावर कोणी शंका घेत नाही.

सहायकाला स्वतः नोंदी करायची मुभा असेल तर आणखी जपावं लागतं. बाहेरून आणलेल्या एखाद्या फाइलमध्ये दडवलेली सूचना त्याने स्मृतीत उतरवली, तर ती पुढच्या प्रत्येक सत्रात हजर होते. म्हणून स्मृतीची फाइल गिटमध्येच, म्हणजे प्रत्येक बदलाची नोंद ठेवणाऱ्या प्रणालीत ठेवावी, पासवर्ड आणि गुप्त किल्ल्या (एपीआय की) तिच्यात कधीही लिहू नयेत, आणि तिच्यातला प्रत्येक बदल कोडइतक्याच बारकाईने माणसाने तपासावा.